सुरुवात कुणी केली?

खारकीव प्रांतात इझ्युम शहराजवळ कापितोलिवका नावाचं गाव आहे. २०२२च्या मार्चमध्ये रशियन फौजा त्या गावात शिरल्या तेव्हा व्होलोदिमिर वाकुलेंको हा मुलांसाठी लिहिणारा लेखक आपल्या घरीच होता. त्या दिवसांत तो रोजनिशी लिहीत होता. आपल्याला उचलून नेणार याची चाहूल लागली तशी त्याने ती पानं परसातल्या चेरीच्या झाडाखाली पुरली आणि वडिलांना सांगून ठेवलं, की आपली माणसं परत आली की हे त्यांच्या हाती द्या. दुसऱ्याच दिवशी त्याला नेलं. तो परत आला नाही.

सप्टेंबरात युक्रेनच्या सैन्याने तो मुलूख परत घेतला. त्यानंतर विक्टोरिया अमेलिना त्या गावात गेली. ती कादंबरीकार. युद्ध सुरू झाल्यावर तिने हातातलं लेखन बाजूला ठेवलं आणि युद्धगुन्ह्यांची नोंद कशी करायची याचं रीतसर शिक्षण घेऊन ती गावोगाव फिरू लागली. वाकुलेंकोच्या म्हाताऱ्या वडिलांना नेमकी जागा आठवेना. खणलं तर काही लागेना. त्यांचा धीर सुटत चालला होता. शेवटी अमेलिनाने खणलं आणि ती पानं तिच्या हाताला लागली. इझ्युमच्या बाहेर पाइनच्या झाडीत चारशेहून अधिक थडगी सापडली होती. नुसत्या लाकडी क्रॉसवर आकडे घातलेली. त्यातल्या ३१९ क्रमांकाच्या थडग्यातला देह वाकुलेंकोचा निघाला. डीएनए तपासणीने ते ठरायला नोव्हेंबर उजाडला.

अमेलिना पुढच्या वर्षी गेली. २७ जून २०२३ रोजी क्रामाटोर्स्कमधल्या एका उपाहारगृहावर रशियन क्षेपणास्त्र पडलं, तेव्हा ती तिथे पाहुण्यांबरोबर जेवत होती. १ जुलैला तिने प्राण सोडला. त्या एका हल्ल्यात १३ माणसं दगावली. तिचं वय ३७.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली. आयुष्यातला मोठा काळ पंचनामे वाचण्यात गेला. प्रेत कुठे पडलं होतं, डोकं कुठल्या दिशेला, हत्यार कुणी कुणाच्या समक्ष जप्त केलं, मुद्देमालाला लाखेचं सील होतं की नाही. या बारीकसारीक गोष्टींवर खटला उभा राहतो आणि त्यांच्यावरच कोसळतो. घटनास्थळाचा पंचनामा चार दिवस उशिरा झाला, पंच फितूर झाला, की समोर उघड दिसणारा खुनी घरी जातो. म्हणून अमेलिना त्या परसात माती उकरत होती, हे वाचलं तेव्हा मी लेखक म्हणून तिच्याकडे पाहिलंच नाही. मुद्देमाल हाती लागेपर्यंत जागा न सोडणारी तपास करणारी बाई मला दिसली. तेव्हापासून मी या युद्धाच्या न्यायाचं काय चाललंय ते वाचत आले आहे. वाचता वाचता एक गोष्ट मनात रुतून बसली. तीच इथे सांगायची आहे.

या युद्धाशी आमच्या घराचा एक धागा आहे. माझी भाची खारकीवला एमबीबीएस शिकत होती. महाराष्ट्रातून अशी कितीतरी मुलं तिकडे गेली होती. इथल्या खासगी कॉलेजांची फी परवडत नाही, म्हणून आईबापांनी कर्ज काढून पाठवलेली. २४ फेब्रुवारीच्या पहाटे स्फोटांच्या आवाजाने ती जागी झाली आणि त्यानंतरचे दिवस तिने मेट्रो स्टेशनच्या फलाटावर काढले. १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी किराणा आणायला बाहेर पडला होता, तो तोफखान्याच्या माऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी भारतीय वकिलातीने सांगितलं, खारकीव ताबडतोब सोडा, वाहन मिळालं नाही तर चालत निघा. मुलं बर्फातून शहराबाहेरच्या पिसोचिन गावापर्यंत चालत गेली. "मावशी, रस्त्याच्या कडेला बॅगा टाकलेल्या होत्या नुसत्या, उचलायचं त्राण नव्हतं कुणात," ती नंतर सांगत होती. ती सुखरूप घरी आली. पुढचं सत्र ऑनलाइन सुरू झालं आणि आमच्या माजघरात बसून ती ज्यांचं व्याख्यान ऐकायची, ते सर मधेच सायरन वाजला की "पाच मिनिटांनी परत येतो" म्हणून उठून तळघरात जायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. पाच मिनिटं कधी पाच मिनिटांची नसत.

आता जी गोष्ट रुतली, तिच्याकडे येते.

२०२२च्या मे महिन्यात कीवमध्ये या युद्धातला पहिला युद्धगुन्ह्याचा खटला चालला. आरोपी २१ वर्षांचा रशियन सार्जंट, टँक तुकडीतला. काचेच्या पिंजऱ्यात मान खाली घालून बसलेला. सुमी प्रांतातल्या एका खेड्यात २८ फेब्रुवारीला त्याने ६२ वर्षांच्या माणसाला गोळ्या घातल्या होत्या. तो माणूस सायकल हातात धरून, फोनवर बोलत रस्त्याने चालला होता. आपला ठावठिकाणा तो कळवेल या भीतीने, वरून सांगितलं म्हणून, या पोराने गाडीतून बंदूक चालवली. त्याने गुन्हा कबूल केला. न्यायालयात मयताच्या बायकोला आरोपीशी बोलू दिलं. तिने त्याला विचारलं, तुम्ही इथे कशाला आलात? आमचं रक्षण करायला? कुणापासून? ज्या माझ्या नवऱ्याला तू मारलंस, त्याच्यापासून?

त्या पोराजवळ उत्तर नव्हतं. असणार तरी कुठून? त्याला जन्मठेप झाली, अपिलात ती १५ वर्षांवर आली. आपल्याला त्याची कीव येते पण क्षमा करता येत नाही, असं त्या बाईने सांगितलं. मारिउपोलच्या पोलाद कारखान्यात अडकलेल्या युक्रेनी सैनिक पोरांच्या बदल्यात याला परत दिलं तरी माझी हरकत नाही, असंही ती म्हणाली.

आमच्याकडे एका खून खटल्यात मयताची आई साक्षीला उभी होती. उलटतपास संपल्यावर ती आरोपीकडे वळून म्हणाली, "का मारलंस रे?" न्यायाधीशांनी तिला समजावलं, की आजी, तुम्ही फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण सुमीच्या त्या बाईचा प्रश्न वेगळा आहे. तो आरोपीला विचारलेला असला तरी आरोपीसाठी नव्हताच. तुम्ही इथे कशाला आलात, या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी माणसं मॉस्कोत एका लांबलचक टेबलाच्या टोकाला बसलेली होती. त्यांना या प्रश्नासाठी उभं करील असं न्यायालय त्या दिवशी जगात कुठेच नव्हतं.

हे नीट समजून घ्यायला हवं. युद्धाचे कायदे दोन प्रकारचे. एक, युद्ध कसं लढलं हे तपासणारे. नागरिकांवर गोळी चालवली, कैद्यांचा छळ केला, इस्पितळावर बॉम्ब टाकला, तर तो युद्धगुन्हा. दुसरा कायदा विचारतो, युद्ध मुळात सुरूच का केलं? पहिल्या कायद्याच्या चौकटीत, लढाईत एका सैनिकाने दुसऱ्या सैनिकाला मारणं हा गुन्हाच नाही. म्हणजे २४ फेब्रुवारीला सकाळी शाळेतला शिक्षक, बेकरीवाला, सॉफ्टवेअरची नोकरी करणारा पोरगा बंदूक घेऊन गावच्या वेशीवर उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत तोफेच्या गोळ्याने गेला, तर त्याच्या मरणाबद्दल कुणावरही खटला होत नाही. तो कायदेशीर मेला. त्याच्या बायकोला फिर्यादच नाही. अशी माणसं हजारोंनी आहेत. संयुक्त राष्ट्रांनी पडताळून नोंदवलेले नागरिकांचे मृत्यूच १४ हजारांच्या वर गेले आहेत, आणि सैनिक म्हणून मेलेल्यांचा आकडा त्याहून कितीतरी मोठा. रशियाच्या बाजूने खेड्यापाड्यांतून उचलून आणलेली पोरंही त्यात आहेत. नोकरीच्या आमिषाने रशियात नेऊन आघाडीवर उभे केलेले आणि तिथे मेलेले काही भारतीय तरुणही त्यात आहेत. या सगळ्यांच्या मरणाला एकच गुन्हा लागू होतो. आक्रमणाचा. तो गुन्हा बाजूला ठेवून बाकी सगळ्यांचा न्याय केला, तरी बहुतेक मेलेले न्यायालयाच्या दारात येतच नाहीत.

हा गुन्हा नवा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर न्युरेंबर्गला जो खटला चालला, त्याच्या १९४६ सालच्या निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं, की आक्रमक युद्ध सुरू करणं हा सर्वोच्च आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे, कारण बाकीच्या सगळ्या गुन्ह्यांचं साचलेलं पाप त्याच्या पोटात असतं. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या आरोपांतून सुटला, पण आक्रमणाचा कट आणि आक्रमण या दोन आरोपांवर त्याला जन्मठेप झाली. १९८७ साली तो तुरुंगातच मेला. एका माणसाने उभं आयुष्य केवळ युद्ध सुरू करण्यातल्या वाट्यासाठी तुरुंगात काढलं, हे घडलेलं आहे.

आणि हा आरोप घडवण्यात मोठा हात कुणाचा होता? सोव्हिएत कायदेपंडित आरोन ट्रायनिन यांचा. हिटलरच्या माणसांवर शांततेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला चालवा, ही मांडणी युद्ध चालू असतानाच त्यांनी केली. १९४५च्या ऑगस्टात लंडनमध्ये न्युरेंबर्गच्या सनदेवर सोव्हिएत संघाच्या वतीने झालेल्या सह्यांत त्यांचीही सही आहे. सोव्हिएत बाजूचे मुख्य सरकारी वकील रोमान रुदेंको युक्रेनमधल्या चेर्निहीव प्रांतात जन्मलेले, तेव्हा सोव्हिएत युक्रेनचेच प्रमुख अभियोक्ता. त्याच सोव्हिएत संघाने १९३९ साली पोलंड आणि फिनलंडवर चाल केली होती, आणि कातिनच्या जंगलात स्वतः मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांचं हत्याकांड न्युरेंबर्गला जर्मनांच्या माथी मारायचा प्रयत्नही केला होता. निकालपत्रात कातिनचा उल्लेख नाही. हे सगळं लक्षात ठेवूनही मला वाटतं, ट्रायनिन यांनी मांडलेलं तत्त्व खरं होतं. ते मांडणाऱ्याचं सरकार कसं होतं यावरून ते खोटं ठरत नाही.

या कायद्याची मुळं तर युक्रेनमध्येच आहेत. ल्विव शहराच्या विद्यापीठात दोन ज्यू तरुण थोड्या अंतराने कायदा शिकले. हेर्श लाउटरपाख्ट आणि राफाएल लेमकिन. पहिल्याने न्युरेंबर्गच्या आरोपपत्रात मानवतेविरुद्धचे गुन्हे हा शब्दप्रयोग आणला, दुसऱ्याने वंशसंहाराची संकल्पना जगाला दिली. दोघांचीही जवळपास सगळी माणसं नाझींनी मारली. ज्याच्या अमलाखाली ती मारली गेली तो व्याप्त पोलंडचा नाझी कारभारी हान्स फ्रांक १९४२च्या ऑगस्टात ल्विवमध्ये भाषण करून गेला होता. चार वर्षांनी न्युरेंबर्गला तो फासावर गेला. आज त्याच ल्विववर क्षेपणास्त्रं पडतात. अमेलिनाही ल्विवचीच.

मग न्युरेंबर्गनंतर काय झालं? न्युरेंबर्ग आणि जपानी पुढाऱ्यांवरचा टोकियोचा खटला सोडले तर आजवर एकाही आंतरराष्ट्रीय न्यायालयात आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी कुणी उभा राहिलेला नाही. हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ साली सुरू झालं, पण आक्रमणाची व्याख्या ठरायला २०१० उजाडलं आणि तो अधिकार चालू व्हायला २०१८. तोही असा घडवला, की जो देश या न्यायालयाचा सदस्य नाही, त्याच्या नागरिकांवर आक्रमणाचा खटला तिथे चालूच शकत नाही. मोठ्या देशांनी आपल्या दाराला आधीच कडी घातली. सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवलं तर चालू शकतो, पण सुरक्षा परिषदेत नकाराधिकार कुणाकडे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या रात्रीचं एक दृश्य मला विसरता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २३ फेब्रुवारीची रात्र. सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक चालू आहे, विषय युक्रेन. त्या महिन्याचं अध्यक्षपद पाळीने रशियाकडे, म्हणून अध्यक्षस्थानी रशियाचेच राजदूत वासिली नेबेंझ्या. बैठक चालू असतानाच मॉस्कोहून पुतिन यांची घोषणा आली. युक्रेनचे राजदूत सर्गी किस्लित्स्या यांनी लिहून आणलेलं भाषण बाजूला सारलं आणि समोरच्या अध्यक्षांना सांगितलं, युद्धगुन्हेगारांना शुद्धीसाठी मधला मुक्काम नसतो, ते थेट नरकात जातात. जगाच्या शांततेची जबाबदारी ज्या सभागृहावर सोपवली, त्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीत आक्रमण करणारा देश बसलेला होता. दोनच दिवसांनी निषेधाचा ठराव आला, तो रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. भारत तटस्थ राहिला.

तरीही कायदा हात बांधून बसला असं मी म्हणणार नाही. २ मार्चला फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी तपास सुरू केला. १७ मार्च २०२३ रोजी स्वतः पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट निघालं. आरोप, युक्रेनची मुलं बेकायदा रशियात नेल्याचा. युक्रेन सरकारच्या नोंदीत अशी १९ हजारांहून अधिक मुलं आहेत. अनाथालयांतून, उन्हाळी शिबिरांतून, आईबाप तपासणी नाक्यावर अडकले असताना त्यांच्यापासून तोडून नेलेली. अनाथ मुलांना झटपट रशियन नागरिकत्व देता यावं म्हणून मे २०२२मध्ये हुकूम निघाला होता. आरोपींनी हे लपवलंही नव्हतं. दूरदर्शनवर मिरवलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कबुली दप्तरातच होती.

पुढे वीजकेंद्रांवरच्या हल्ल्यांसाठी माजी संरक्षणमंत्री शोइगू आणि सेनाप्रमुख गेरासिमोव यांच्यासह चार जणांवर वॉरंट निघाले. या वॉरंटांना किंमत काय, असं लोक विचारतात. २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिक्स परिषदेला पुतिन जाऊ शकले नाहीत, हे खरं. २०२४च्या सप्टेंबरात ते मंगोलियात गेले, तो देश न्यायालयाचा सदस्य असून त्याने त्यांना हात लावला नाही, हेही खरं. आपला देश सदस्य नाही, त्यामुळे २०२५च्या डिसेंबरात दिल्लीत त्यांचं स्वागत झालं तेव्हा आपल्यावर कायद्याचं कसलं बंधन नव्हतं. पण त्या दिवशी टीव्हीवरचा गळाभेटीचा सोहळा पाहताना मला ती मुलं आठवत होती, आणि कुठल्याच वाहिनीवर त्यांचा शब्दही निघाला नाही याचं फार वाईट वाटलं.

भारताच्या बाजूने दोन नावं मात्र अभिमानाने सांगावीशी वाटतात. हेगच्याच दुसऱ्या न्यायालयात, देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, १६ मार्च २०२२ रोजी रशियाने लष्करी कारवाई ताबडतोब थांबवावी असा हुकूम झाला. १३ विरुद्ध २. रशिया आणि चीनचे न्यायाधीश विरोधात. बहुमतात न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून आपल्याकडच्या वकिलांना ते माहीत आहेत. त्यांच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहणं पसंत केलं होतं, न्यायाधीशाने ते केलं नाही. दुसरं नाव वृंदा ग्रोव्हर यांचं. मानवी हक्क परिषदेने नेमलेल्या युक्रेनविषयक चौकशी आयोगात दिल्लीच्या या वकील बाई सदस्य आहेत. आयोगाचे अध्यक्ष नॉर्वेचे न्यायाधीश एरिक म्योसे. रशियाच्या ताब्यातल्या तुरुंगांतला छळ पद्धतशीर आहे आणि तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतो, असा निष्कर्ष या आयोगाने काढला. खेरसोनमध्ये छोट्या ड्रोनला बसवलेल्या कॅमेऱ्यातून समोरचा माणूस साधा नागरिक आहे हे स्पष्ट दिसत असताना त्याच्यावर बॉम्ब टाकले जातात, त्याचीही तपासणी केली. बसथांब्यावरची बाई, बाजारातून येणारा म्हातारा. चालवणारा पडद्यावर त्यांना पाहतो आणि मग बटण दाबतो.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या त्या हुकुमाचं पुढे काय झालं? रशियाने तो मानला नाही. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच न्यायालयाला म्हणावं लागलं, की आमच्यासमोरची कायद्याची चौकट वंशसंहाराच्या कराराची आहे, बळाचा वापर बेकायदा होता का हे त्यात बसत नाही. म्हणजे पुन्हा तेच. जिथे जावं तिथे मूळ प्रश्नाची खिडकी बंद.

इथे माझे मित्र मला अडवतात. त्यांचं म्हणणं, इराकचं काय? २००३ साली खोटी कारणं देऊन एक देश उद्ध्वस्त केला, कुणावर खटला झाला? गाझाचं काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल द्यायची नाही. भारतीय माणसाने हा प्रश्न फार आधी आणि फार नेटाने विचारलेला आहे. टोकियोच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ साली वेगळं निकालपत्र लिहून सगळ्याच आरोपींना दोषमुक्त ठरवलं. नानजिंगचे अत्याचार झाले हे त्यांनी नाकारलं नव्हतं. त्यांची हरकत होती, की आक्रमण हा गुन्हा तेव्हा कायद्यात नव्हता, आणि जे देश न्यायासनावर बसलेत त्यांची साम्राज्यं आक्रमणातूनच उभी राहिली आहेत. खटला चालू असताना डच इंडोनेशियात आणि फ्रेंच इंडोचायनात तोफा घेऊन परत गेले होते. पाल यांच्या हरकतीतली ताकद मला मान्य आहे. पण जिंकलेल्यांचा न्याय नको, हे म्हणणं जितकं खरं, तितकंच मार खाल्लेल्याला न्याय हवा हेही खरं. पाल यांच्या वेळी नसलेला कायदा आज लिहिलेला आहे. न्युरेंबर्गचं तत्त्व इराकच्या वेळी कुणीच वापरलं नाही ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ती लाज इराकच्या माणसाच्या बाजूने उभं राहून सांगायची, की युक्रेनच्या विधवेला गप्प करण्यासाठी? मला दुसरं जमत नाही. गाझाच्या बाबतीत २०२४च्या नोव्हेंबरात त्याच हेगच्या फौजदारी न्यायालयाने इस्रायलच्या पंतप्रधानांवर वॉरंट काढलं. तेव्हा पुतिनवरच्या वॉरंटाचं स्वागत करणाऱ्या काही राजधान्यांचे चेहरे पडले, आणि अमेरिकेने तर न्यायालयावरच निर्बंध लादले. न्यायालय अमुकाचं आहे म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने त्याला शिव्या घातल्या. मला त्यात त्या न्यायाधीशांची ताठ मान दिसते.

युक्रेनलाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. २०२४ साली त्याने फौजदारी न्यायालयाच्या कराराला मंजुरी दिली, पण आपल्या नागरिकांनी केलेल्या युद्धगुन्ह्यांसाठी सात वर्षांची सवलत मागून घेतली. ज्याची बाजू इतकी न्याय्य आहे त्याने असं करायला नको होतं.

२०२२च्या शांतता नोबेलच्या मानकऱ्यांत कीवची सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था होती. तिच्या प्रमुख ओलेक्सांद्रा मात्विचुक वकील आहेत. २०१४पासून, म्हणजे क्रिमिया घेतला तेव्हापासून, त्या साक्षी गोळा करताहेत. त्यांचं सांगणं असं, की आपण अजून न्युरेंबर्गच्याच चष्म्यातून पाहतो, राजवट कोसळल्यावरच न्याय होतो असं मानतो. न्याय युद्ध कोण जिंकतं यावर अवलंबून का असावा? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण फौजदारी वकिलीत आम्ही कधीही असं म्हणत नाही, की दरोडेखोर दुबळा होईपर्यंत गुन्हा नोंदवू नका.

आणि आता ती खिडकी थोडी उघडली आहे. ९ मे २०२५ रोजी युरोपातल्या देशांचे परराष्ट्रमंत्री ल्विवमध्ये जमले आणि त्यांनी आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायाधिकरण स्थापायला पाठिंबा दिला. २५ जूनला स्ट्रासबूर्गमध्ये झेलेन्स्की आणि युरोप परिषदेचे सरचिटणीस आलँ बेर्से यांनी करारावर सह्या केल्या. आरोपी हजर नसला तरी खटला चालवता येईल अशी त्यात तरतूद आहे. पण राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री हे तिघं पदावर असेपर्यंत त्यांच्याविरुद्धची सुनावणी पुढे जाणार नाही. आरोपपत्र तयार होऊ शकतं, खटला मात्र खुर्ची सुटेपर्यंत थांबतो. जिने उत्तर द्यायचं तीच खुर्ची तेवढी वगळली, म्हणून माझ्या ओळखीचे काही वकील चिडले. मीही चिडले. पण आरोपपत्र दप्तरी दाखल होणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. योजना आखणारे, सह्या करणारे, फौजा सीमेवर जमवणारे सेनापती आणि मंत्री यांच्यावर तर खटला चालेलच.

भीती आहे ती दुसऱ्याच बाजूने. २०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या पुढाकाराने केलेला २८ कलमी शांतता मसुदा बाहेर आला. त्यात एक कलम होतं, युद्धातल्या कृत्यांबद्दल सर्व पक्षांना संपूर्ण माफी. लोक मरताहेत तेव्हा युद्ध थांबणं सगळ्यात आधी, हे मला कळतं. तडजोडी होतात, जमिनी जातात, कैदी बदलले जातात. स्वतः त्या विधवेनेही त्या पोराला सोडायची तयारी दाखवलीच होती. पण तिने जी तयारी दाखवली ती तिची होती, तिच्या नवऱ्यावरच्या हक्कातून आलेली. हजारो मैलांवर बसून तिच्या वतीने माफी लिहून देण्याचा अधिकार कुणाला मिळाला?

माफीचं कलम कागदावर आलं तरी पुरावे मात्र नष्ट होऊ नयेत, यासाठी आज जे काम चाललंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. युक्रेनच्या अभियोक्त्यांकडे लाखाहून कितीतरी अधिक गुन्ह्यांची नोंद आहे. हेगमध्ये नुकसानीची नोंदवही उघडली आहे, तिथे पडलेल्या घरांपासून गेलेल्या माणसांपर्यंत दावे दाखल होताहेत. कीवजवळच्या बुचात याब्लुन्स्का रस्त्यावर पडलेल्या प्रेतांजवळचे फोन, त्यांवरून रशियन सैनिकांनी घरी केलेले कॉल, उपग्रहांची छायाचित्रं, छातीवरच्या तुकड्यांच्या खुणा, सगळं जुळवून कुठली तुकडी कुठल्या रस्त्यावर होती हे पत्रकारांनी आणि तपास अधिकाऱ्यांनी मांडलं. बुचात असलेल्या ६४व्या ब्रिगेडला एप्रिल २०२२मध्ये पुतिन यांनी मानाचा किताब दिला. तो हुकूमही आता पुराव्याच्या दप्तरात आहे.

बोस्नियाच्या युद्धात स्रेब्रेनिकाला १९९५ साली आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. बोस्नियन सर्बांचा सेनापती रात्को म्लादिच याच्यावर त्याच वर्षी आरोपपत्र झालं, आणि पुढची कित्येक वर्षं तो सर्बियात संरक्षणात राहिला. बाकी जगाने विषय सोडून दिला होता. त्याच काळात डॉक्टर आणि तंत्रज्ञ एका थडग्यातून दुसऱ्यात हलवलेली हाडं जुळवत बसले होते, आणि आया दर महिन्याच्या ११ तारखेला मुलांची नावं घेऊन रस्त्यावर उभ्या राहत होत्या. २०११ साली म्लादिच एका खेड्यात नातेवाइकाच्या घरी सापडला. हेगमध्ये पाचशेहून अधिक साक्षीदारांची साक्ष आणि जवळपास १० हजार पुरावे नोंदवले गेले. २०१७ साली त्याला जन्मठेप झाली. निकाल ऐकायला त्यातल्या काही आया सभागृहात होत्या. ज्या तोवर जिवंत राहिल्या नाहीत, त्यांचे जबाब दप्तरात होते, आणि न्यायाधीशांनी त्यांचा आधार घेतला.